बाळराजांचा बिनचिखलाचा अंगरखा

धवलगडच्या महाराजांनी हुकूम सोडला: येत्या दसऱ्याला बाळराजांनी भर दरबारात राजनीतीचा अख्खा ग्रंथ तोंडपाठ म्हणून दाखवायचा!

बाळराजांचं वय काय? पाच वर्षं! 'र' म्हणता येत नव्हता. रणधीर हे स्वतःचं नाव ते 'लणधील' असं सांगत. गावातली त्यांच्या वयाची पोरं त्या दसऱ्याला पाटीवर पहिली सरस्वती काढणार होती.

हा ग्रंथ राजपुत्रांनी विशी ओलांडल्यावर हाती धरायचा. खुद्द महाराजांनी तो तिशीत म्हटला होता, तोही शास्त्रीबुवा मागून ओळी पुरवत होते म्हणून! कसाबसा संपला, आणि त्याच संध्याकाळी रिवाजाप्रमाणे थोरले महाराज भगवं नेसून वेशीबाहेर पडले. ते अजून रानातल्या झोपडीत जप करताहेत. पण स्वतःची फजिती कोणता बाप लक्षात ठेवतो? शेजारच्या राजाचा सात वर्षांचा मुलगा न्यायशास्त्र घोकतो असं कानावर आलं मात्र, ह्यांच्या पोटात दुखायला लागलं.

मग काय! पहाटे ब्राह्मीचा रस, दुपारी भिजवलेले बदाम आणि दिवसभर घोकंपट्टी. भोवरा जप्त, झोका सोडून ठेवलेला. राणीसाहेब येईल त्याला सांगत, "आमच्या बाळाला खेळायची आवडच नाही मुळी!" आणि दरबारी माना डोलवत. त्यांच्या जिभा तुपात बुडालेल्या, बोलणार कोण?

बोलली हौसा परटीण. राजवाड्याचं धुणं तिच्याकडे असे. एक दिवस ती गाठोडं घेऊन तडक दरबारात शिरली.

"महाराज, बाळराजे आजारी आहेत का?"

"कोण म्हणतं?"

"हा अंगरखा म्हणतो!" तिने तो फडकावला. "महिना झाला, ह्याच्यावर चिखल नाही, पेरूचा डाग नाही, कुठे उसवलेला नाही. बाही तेवढी ओली, डोळे पुसून पुसून! पाच वर्षांच्या पोराचे कपडे असे येतात ते पोर तापाने निजलेलं असलं तरच."

"धुणं धू मुकाट्याने! विद्येतलं तुला काय कळतं?"

"विद्येतलं नाही कळत, मळातलं कळतं!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "एवढी शहाणी आहेस ना? मग आता तूच शिकव! दसऱ्याला बाळराजे ग्रंथ म्हणायला उभे राहिले नाहीत, तर गाढव हाकायचं आणि राज्याबाहेर व्हायचं. तुझा घाट दुसऱ्याला देईन!"

त्या घाटाच्या दगडावर हौसाच्या आजेसासूचे हात झिजले होते. पण मागे सरेल ती हौसा कसली!

"शिकवते. फक्त एक वचन द्या. ग्रंथ म्हणण्याचे जे जे रिवाज आहेत ते सगळे पाळायचे. एकही गाळायचा नाही."

"अलबत! थाटात पाळू!"

शास्त्रीबुवांना एकदम ठसका लागला. महाराजांनी तिकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाळराजे घाटावर जाऊ लागले. "कुठवर आलं?" म्हणून महाराज विचारीत, आणि हौसा सांगे, "तयारी जोरात आहे!" कसली, ते कुणी विचारलं नाही.

दसरा उजाडला. दरबार भरला. मुद्दाम बोलावलेला शेजारचा राजा पहिल्या मानाच्या आसनावर. बाळराजे उन्हाने रापलेलं तोंड घेऊन मधोमध उभे. हौसा एक घडी घेऊन पुढे आली.

"महाराज, आधी हे नेसा."

घडीत भगवी छाटी! वर कमंडलू आणि खडावा!

"हे काय?"

"आपले कपडे. मी स्वतः रंगवलेत. काव पक्की बसलीय, रानातल्या पावसात विटायची नाही. ग्रंथ संपला की मुकुट मुलाच्या डोक्यावर ठेवून बापाने रानाची वाट धरायची, असा रिवाज आहे ना? सीमोल्लंघनाला निघालेले बाकीचे लोक सोनं लुटून घरी येतील. आपण तेवढं परत यायचं नाही!"

महाराजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवा जमिनीकडे पाहत म्हणाले, "रिवाज आहे खरा. आणि वचनही दिलंय आपण."

"अगं बये, अजून चाळिशी नाही आली मला! रानात जायचं वय आहे का हे माझं?"

"वयाचं कोण बघतंय, महाराज! बाळराजे पंधरा-वीस वर्षं पुढे धावले, तर आपण मागे राहून कसं चालेल? राणीसाहेबांनाही एक लुगडं रंगवलंय."

"अगंबाई!" राणीसाहेबांनी दोन्ही हातांनी आपला शालू घट्ट धरला.

इतक्यात बाळराजांनी हात जोडले, तोंड उघडलं. "श्ली..."

"थांब!" महाराज सिंहासनावरून उडालेच. "बाळा, एक अक्षर बोलू नकोस! पाच वर्षांचं पोर ते! त्याला कसला आलाय ग्रंथ!"

हौसा म्हणाली, "महिनाभर तो अंगरखा दुसरं काय सांगत होता, महाराज?"

महाराजांनी छाटीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि असे खदाखदा हसले की मुकुट कानावर आला. मग सगळा दरबार हसला. शेजारचा राजा तेवढा हसला नाही. त्याच्या मुलाचा न्यायशास्त्राचा ग्रंथ संपत आला होता, आणि आपल्याकडचा रिवाज काय आहे ते तो घाईघाईने प्रधानाला विचारत होता.

"खरं सांग हौसा," महाराज डोळे पुसत म्हणाले, "ग्रंथ येतो का गं ह्याला?"

"श्रीच्या पुढे काही नाही! गाढवावर मात्र बिनलगामी बसतात!"

घाट हौसाला पिढ्यान् पिढ्यांसाठी इनाम मिळाला, वर सोन्याच्या पाटल्या. "आणखी काय हवं?" महाराजांनी विचारलं.

"बाळराजांचे कपडे रोज चिखलाने बरबटलेले आले पाहिजेत. स्वच्छ आले तर हात लावणार नाही, तसेच परत पाठवीन!"

"मंजूर!" महाराज म्हणाले. तोवर बाळराजे भरजरी अंगरख्यासकट अंगणातल्या डबक्यात पोहोचलेही होते.