एका बाजूचे बाण

"पण बाबा, दगडादगडावर बाण असताना माणूस चुकतोच कसा?"

मठातला तरुण चेला विश्वंभर सोमगिरीबाबांना विचारत होता. मठाच्या दारात उभे राहून ते डोंगरावर उतरलेल्या धुक्याकडे पाहत होते.

वरच्या मुक्कामावरून फोन येऊन गेला होता. मठातून वर गेलेल्या यात्रेकरूंपैकी म्हाताऱ्या ठकूबाईचा गुडघा धरला, म्हणून ती एकटीच दुपारी परत फिरली होती. आता दिवस मावळत आला, तरी तिचा पत्ता नव्हता. आणि वाटेच्या एका अंगाला सरळ कडा होता.

घाटमाथ्यावरून जाणारी ही वाट पंधरा-वीस दिवसांच्या चालीची. तिचा इथला टप्पा पिढ्यान् पिढ्या मठाने राखला. खूण म्हणून दगडांच्या राशी होत्या. गुरं त्या ढासळवत आणि येणारेजाणारे पुन्हा रचत.

विश्वंभरला हे गबाळं वाटे. त्याने यंदा राशी मोडल्या आणि पांढरे बाण रंगवले. आमटीत मीठ विसरेल, पण बाण वाकडा काढणार नाही, असा हा गडी! बाबांनीही त्याला अडवलं नव्हतं.

"चल," बाबा म्हणाले.

दोघे चढू लागले. बाण धुक्यातही ठसठशीत दिसत होते.

"बघा ना, बाबा! आंधळ्यालाही..."

बाबा धाप लागून थांबले. टेकायला जागा शोधत मागे वळले आणि तसेच उभे राहिले.

मग त्यांनी विश्वंभरचे दोन्ही खांदे धरून त्याला फिरवलं.

"आता दाखव."

विश्वंभरने पाहिलं. काळे दगड. त्यामागे काळे दगड. आत्ताच ओलांडलेला बाण दगडाच्या पलीकडच्या अंगाला होता.

उतरणाऱ्यासाठी एकही खूण नव्हती...

तो मटकन खाली बसला. "मी मारलं तिला, बाबा. माझ्या हातून..."

"रडायला रात्र पडली आहे. हाक मार."

"ठकूबाई ऽऽ!"

काहीच नाही.

"पुन्हा."

"ठकूबाई ऽऽ!"

धुकं जरा हललं. विश्वंभरला स्वतःचा श्वासही नकोसा झाला होता. श्वासाच्या आवाजात तिची ओ ऐकू येणार नाही, अशी भीती वाटत होती.

"...हितं हाय रं!"

आवाज कड्याच्या बाजूने आला होता.

ती एका कारवीच्या जाळीला घट्ट धरून बसली होती. पुढे दोन हातांवर जमीन संपत होती. विश्वंभरने तिला पाठुंगळी घेतलं.

"एकबी बाण दिसंना," ती त्याच्या कानाशी पुटपुटली. "म्हनलं, परत फिरनाऱ्याला ही वाट नसंल."

त्याने तिला पाठीवर घट्ट सावरलं.

मठात तिला चुलीपाशी बसवून तो बाहेर आला आणि बाबांवर उसळला.

"बाण रंगवायच्या दिवसांत रोज संध्याकाळी आपण दोघे तीच वाट उतरत होतो! माझी चूक तुम्हाला दिसली असणारच. मला धडा शिकवायला गप्प राहिलात? एका म्हातारीच्या जिवावर?"

बाबा दाराच्या पायरीवर टेकले.

"नाही रे... वाट मलाही तोंडपाठ होती."