डागाळलेलं तोंड

गोल्फच्या काठ्या बोलत असत, तेव्हाची गोष्ट. नवशिकी शर्वाणी दोघींपैकी एकच काठी निवडणार होती: भरीव पोलादाची आत्याबाई, नाहीतर पाठ पोखरून वजन कडांना दिलेली धाकटी.

“माझ्या तोंडावर, चेंडू आदळतो त्या बाजूला, फटक्यांचा एकच डाग, तोही मधोमध,” आत्याबाई म्हणाली. “तुझं कडेपर्यंत डागाळलंय. झाडाला वळसा घालून चेंडू नेशील?”

“नाही जमत. कडेला लागलेला चेंडूही पुढे जावा, म्हणून ते सोडलं,” धाकटी ओशाळली. “पण तुमच्या कडेला कुणाचाच फटका लागला नाही?”

“लागायचा, प्रत्येक नवशिक्याचा एकदाच. हाताला अशी झिणझिणी आणायचे, की पुन्हा तो मैदानाकडे फिरकायचाच नाही. एका फटक्याने डाग पडतो होय?”

आत्याबाईच्या त्या लख्ख कडांकडे धाकटीला बघवेना. शर्वाणीचा हात आला, तेव्हा धाकटीने आपलं डागाळलेलं तोंड पुढे केलं.