मुठीतली सुपारी

"...आणि झोपताना तो कोणत्या कुशीवर वळतो?"

"उजव्या."

प्रश्न जमिनीवर पडायच्या आत केतकीनं झेलला होता.

हिरागिरीबाबा कंदिलाची काच डोळ्यांपुढं धरून तिच्याकडं बघत होते. काचेपलीकडं त्यांचं नाक दुधी भोपळ्यासारखं लांबलेलं. वकिलातीतला साहेब काचेमागं बसतो, असं केतकीनंच सांगितलं होतं. मग बाबा कसले मागं राहतात.

"घोरतो?"

"सर्दी असली तरच."

"चहात साखर?"

"एक चमचा. आधी दोन घ्यायचे."

"तुला त्याचं काय आवडलं?"

"त्यांचा साधेपणा. आणि कुटुंबाविषयीची ओढ."

"भांडता?"

"आमच्यात मतभेद होतात, पण आम्ही ते संवादानं सोडवतो."

बाबांनी काच खाली ठेवली आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंकडं वळले.

"कमळे, ही सून आहे की आकाशवाणी?"

कमळाकाकूंना हसू आलं, पण सुनेसमोर हसायचं कसं म्हणून त्यांनी ते पदरात धरलं.

"परवा मुंबईला मुलाखत आहे हो तिची. अमेरिकेच्या व्हिसाची. डोक्यावर हात ठेवा, एवढ्यासाठी आणलीय."

हात ठेवायची गरज नाही, असं केतकीचं मत होतं. ती औषधशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेली. पहिलं येणाऱ्यांचं एक असतं बघा, देवळात गेले तरी देवालाच गुण देऊन येतात. ती टेकडी चढून मठात आली होती ती केवळ सासूच्या शब्दाखातर. आणि येताना म्हणाली होती, "आशीर्वाद नको, त्यांना म्हणावं प्रश्न विचारा. तेवढाच सराव."

बाबा तयार झाले. बाबा कशालाही तयार व्हायचे. एकदा एक आमदार मनःशांती मागायला आले, तर बाबांनी त्यांच्या हातात शेळीचं दावं दिलं, "एवढं धरा, आलोच," म्हणाले आणि आत जाऊन झोपले. आमदार दिवे लागेपर्यंत दावं धरून उभे. गंमत म्हणजे त्या रात्री त्यांना गोळीशिवाय झोप लागली. तेव्हापासून ते दरवर्षी येतात आणि आल्या आल्या आधी शेळी कुठाय विचारतात.

"परीक्षा कसली असते ही?" बाबांनी अडकित्ता काढला. सुपारी कातरल्याशिवाय त्यांचे कान उघडत नसत.

केतकी सरसावून बसली.

"लग्न खरं आहे की नुसतं तिकडं जाण्यासाठी केलंय, ते बघतात. आमचं लग्न ठरवून झालेलं. हे तिकडचे नागरिक. रजेवर आले, लग्न केलं आणि माझ्या हाताची मेंदी उतरायच्या आत परत अमेरिकेत, कोलंबसला गेले. त्याला दोन दिवाळ्या झाल्या. एकत्र राहिलोच किती, तर अशा लग्नावर जास्त संशय घेतात म्हणे."

"मग?"

"मग आम्ही सगळं जुळवलंय. रोज फोनवर. ते विचारतात, मी सांगते. मी विचारते, ते सांगतात. एका शब्दाचा फरक पडत नाही आता."

पडेल कसा. लग्नाआधी भटजींनी पत्रिका जुळवली, लग्नानंतर या दोघांनी उत्तरं. पत्रिकेत चार गुण कमी पडले होते, ते केतकीनं इथं भरून काढले. लोकांची नवीन लग्नं झालेली पोरं फोनवर काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ही दोघं एकमेकांना, तुमच्या आत्याचं सासरचं आडनाव काय, हे विचारत होती.

"तिथं गेल्यावर काय काय करावं लागतं?"

"सकाळी रांग. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. मग बोटांचे ठसे. मग खिडकीवर बोलावतात, शपथ घ्यायची, आणि प्रश्न."

"ठसे कसे देतात, मूठ आवळून?"

"नाही हो बाबा. बोटं पसरून, काचेवर."

"आणि शपथ?"

"उजवा हात वर. तळवा उघडा."

"बरं. आणि पास झालीस, हे कळतं कसं?"

"पासपोर्ट ठेवून घेतला तर मिळाला. आपल्या हातात परत दिला, तर अडलं."

बाबांचा अडकित्ता थांबला.

"जवळ ठेवलंस तर गेलं... सोडलंस तर मिळालं. बरा खेळ आहे." मग सहज विचारावं तसं म्हणाले, "खेळावरून आठवलं. लग्नात सुपारी खेळलात का गं?"

हा प्रश्न कुठल्याच सरावात नव्हता.

आता ज्यांची लग्नं कचेरीत सही करून झाली त्यांच्यासाठी सांगायला हवं. हळद उतरवताना नवराबायकोला सुपारी खेळवतात. आधी सुपारी नवऱ्याच्या मुठीत. बायकोनं दोन्ही हातांनी मूठ उघडून ती काढायची. मग बायकोच्या मुठीत. नवऱ्यानं ती एकाच हातानं काढायची, आणि तोही डावा. भोवती बायका उभ्या राहून आरडाओरडा करतात. ज्याला जमत नाही, त्याला जन्मभर टोमणे.

"खेळलो," केतकी म्हणाली.

"कोण जिंकलं?"

"मी." मान आपोआप ताठ झाली. "त्यांची मूठ मी उघडली. मामी, आत्या सगळ्या म्हणत होत्या, जमायचं नाही. उघडलीच."

"अस्सं. लाव फोन."

"आत्ता? तिकडं सकाळ आहे, ते कामावर निघाले असतील..."

"साहेब विचारतोय. लाव."

फोन लागला. केतकीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा चटईवर ठेवला. पलीकडं गाडीचं दार वाजलं.

"निश्या, मी बोलतोय, टेकडीवरचा. बायकोचं काय आवडलं तुला?"

"तिचा साधेपणा, बाबा. आणि कुटुंबाविषयीची ओढ."

कमळाकाकूंच्या पदरातलं हसू बाहेर सांडलं.

"भांडता?"

"आमच्यात मतभेद होतात, पण आम्ही ते संवादानं..."

"सोडवता. ऐकलं. सुपारीच्या खेळात कोण जिंकलं?"

पलीकडं गाडीचं इंजिन बंद झालं.

"बाबा, ते आमचं अजून ठरलेलं नाही."

"ठरवायचंय काय त्यात? झालं ते सांग."

केतकी फोनकडं वाकली. "अहो, मी जिंकले, सांगा ना."

बाबांनी अडकित्ता ओठांवर आडवा धरला. ती गप्प बसली.

निशिकांत घसा खाकरून म्हणाला, "खरं सांगू का... ती हरायला आली होती. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. मामी चिडवत होत्या. मग मी मूठ जरा सैल केली."



"सैल केली?" केतकी म्हणाली. "अहो, काय बोलताय?"

"अगं, जराशीच."

"मी उघडली ती. माझ्या नखाला लागलं होतं."

"म्हणून तर सैल केली."

"निश्या, खोटं बोलू नकोस." अहो केव्हा गेलं आणि निश्या केव्हा आला, ते तिलाही कळलं नाही. सासूबाईंना बरोबर कळलं. "आणि एवढं आहे तर तूही ऐक. माझी मूठ तू डाव्या हातानं उघडलीस, असं मित्रांना सांगत फिरलास ना? उघडली नाहीस. मी सोडली होती सुपारी."

"काय?"

"तुला घाम फुटला होता. तुझे मित्र व्हिडिओ काढत होते. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि उजवा हात लावायचा नाही, म्हणून चष्मा वर ढकलतही नव्हतास. मला बघवेना."

"अगं, मी इकडं सगळ्या ऑफिसात सांगितलंय."

"मग परत सांग. खरं सांग आता."

"तू सांग ना, माझ्या मामीला आधी सांग."

"मी का सांगू? मी जिंकलेच होते, तू सैल केली नसतीस तरी."

"केतकी, नख तुटलं असतं तुझं."

"तुटू द्यायचं होतं."

असं बरंच झालं. त्यातलं निम्मं छापण्यासारखं नाही आणि उरलेलं तुमच्याही घरात कालच होऊन गेलंय. कमळाकाकू मधेच म्हणाल्या, "लहानपणी सख्ख्या भावाला शेंगदाणा सोडला नाही यानं, आणि हिला सुपारी सोडली." पण ऐकतंय कोण. संवादानं सोडवणारी ती दोघं एकाच वेळी बोलत होती.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. आवडतं भजन लागावं तसे.

मग केतकी एकाएकी थांबली. पलीकडंही थांबलं.

"मला कधी बोलला नाहीस," ती हळू म्हणाली.

"तूही कुठं बोललीस..."

दोन दिवाळ्यांत त्यांनी एकमेकांच्या आत्यांची आडनावं पाठ केली होती. हे विचारायचं राहिलं होतं.

फोन ठेवताना तिच्या गालाला रंग आला होता. पण पहिला नंबर एवढ्यानं मरत नाही. फोन बंद झाला तशी ती दचकली.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? परवावर मुलाखत आली. सगळं जुळवलेलं होतं, आणि आता एक उत्तर जुळत नाही. ते म्हणतात त्यांनी मूठ सैल केली, मी म्हणते मी जिंकले. तिथं विचारलं तर कोण जिंकलं म्हणून सांगू?"

बाबांनी पानाच्या डब्यातून एक अख्खी सुपारी उचलून तिच्या तळहातावर ठेवली.

"साहेबाला ठरवू दे."

आणि ते कंदिलाची काच पुसायला लागले. डोक्यावर हात ठेवायचा राहिलाच.

मुंबईला वकिलातीच्या फाटकाबाहेर कमळाकाकू फोन आणि सुपारी सांभाळत बसल्या. आत सगळं केतकीनं सांगितलं होतं तसंच. रांग. बोटं पसरून काचेवर. मग खिडकी. काचेमागं साहेब नव्हता, साहेबीण होती. बॉबकट, वयानं केतकीएवढीच, आणि शेजारी मराठीत सांगणारे एक गृहस्थ.

केतकीनं उजवा हात वर केला, तळवा उघडला. शपथ घेतली.

नवरा काय करतो, विचारलं. सांगितलं. भेट कशी झाली, विचारलं. सांगितलं, घडाघडा. साहेबीण पडद्याकडं बघत मान हलवत होती. तिनं असं घडाघडा सकाळपासून किती ऐकलं असेल, ती जाणे.

"शेवटचं भांडण कशावरून झालं?"

आमच्यात मतभेद होतात... उत्तर जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं. इस्त्री केलेलं.

केतकीनं आपल्या रिकाम्या तळहाताकडं पाहिलं.

"परवा झालं," ती म्हणाली. "सुपारीवरून."

मराठी सांगणारे गृहस्थ जरा चपापले. सुपारीला त्यांच्याकडं शब्द होता, खेळाला नव्हता. मग केतकीनं काचेपुढं आपलीच एक मूठ दुसऱ्या हातानं उघडून दाखवली. सांगता सांगता तिचा आवाज चढला, "मी उघडली असतीच," हे ती तीनदा म्हणाली, आणि चष्म्याचं सांगताना तोच आवाज एकदम खाली आला.

साहेबिणीनं पडद्यावरून नजर काढली होती.

"मग जिंकलं कोण?"

"ते तुम्ही ठरवायचंय. आमच्या बाबांनी तसं सांगितलंय."

गृहस्थांनी ते तिकडच्या भाषेत सांगितलं. साहेबीण पासपोर्ट चाळायला लागली.

"हे माझ्या अधिकारात येत नाही," ती म्हणाली.

आणि तिनं पासपोर्ट ठेवून घेतला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी केतकी पुन्हा टेकडी चढून आली. या वेळी सासूनं न सांगता. पेढे ठेवले, वाकून नमस्कार केला, आणि बाबांपुढं हात पसरला. तळहातावर ती सुपारी.

"तुमची आहे बाबा. परत घ्या."

बाबांनी सुपारीकडं पाहिलं. केतकीकडं पाहिलं. मिशीत काहीतरी हललं.

"बाबा, आता खरंच विचारते. दोन वर्षांत काय काय पाठ केलं, त्यातलं काही कामाचं नाही, हे कळलं. तिकडं गेल्यावर विमानतळावर हे समोर उभे राहतील. काय बोलायचं, काही सुचत नाही. काय तयारी करून जाऊ?"

बाबांनी तिचा पसरलेला हात आपल्या हातात घेतला. एकेक करून तिची पाचही बोटं सुपारीवर मिटवली, आणि वरून थोपटलं.

"घट्ट धर. उघडणारा तिकडं उभा आहे."