नदीच्या मधोमध माफी

एका गावात एक भोळा कासार होता. नाव लिंबाजी. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि तीच सगळी पंचाईत होती.

गावाचं नाव आडगाव. समोर नदी, नदीपलीकडे पैलवाडी. अलीकडे एका राजाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. दोघेही राजे लांब कुठंतरी लोळत पडलेले असत. कायदे मात्र नदीपर्यंत येऊन बसले होते. बांगड्यांना सरहद्द नसते, म्हणून लिंबाजी टोपली घेऊन दोन्हीकडे हिंडे.

एकदा पैलवाडीत बांगड्या भरताना पाटलीणबाईंनी विचारलं, "कासारदादा, तुमच्या वाघोजी पैलवानाशी आमच्या रखमाचं जमतंय. माणूस कसा आहे? खरं सांगा हं."

खरं सांगा म्हटल्यावर लिंबाजीनं खरं सांगितलं. "माणूस सोनं आहे. फक्त मांजराला भितो. परवा गवताच्या गंजीवर चढून बसला होता."

सोयरीक अडली. वाघोजी लिंबाजीच्या दारात येऊन गरजला, "माझी बदनामी करतोस? बाजाराच्या दिवसापर्यंत मिटव, नाहीतर कचेरीत जातो. आपल्या राज्यात बदनामी करणाऱ्याची गाढवावरून धिंड काढतात, ठाऊक आहे ना?"

लिंबाजीची बायको सगुणा रडकुंडीला आली. "गाढवावर बसून आलेल्या माणसापुढे कोणती सवाशीण हात करील? धंदा बुडाला की हो आपला!" तिनं नवऱ्याला ओढत तात्यांकडे नेलं. तात्यांचा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेला होता.

"रडू नकोस, पोरी," तात्या म्हणाले. "बदनामी जिथल्या लोकांच्या कानावर पडली, तिथला कायदा लागतो. हा बोलला पैलवाडीत. तिथे धिंड नाही. चार लोकांसमोर माफी मागायची, नारळ द्यायचा, की मिटलं. लिंबाजी, आपल्या राज्यात मात्र याबद्दल चकार शब्द काढू नकोस. काढलास की इथला कायदा लागला."

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला.

तो नारळ घेऊन नावेत बसला आणि विचार करू लागला. इकडे बोललं की इकडचा कायदा. तिकडे बोललं की तिकडचा. उगाच झंझट कशाला? नदीच्या मधोमध तो उभा राहिला, पाण्याकडे तोंड करून माफी मागितली, नारळ नदीत सोडला आणि त्याच नावेनं घरी आला.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, माशांची बदनामी केली होतीस का? माफी लोकांना ऐकू जायला हवी. जे बोललास ते मोठ्यानं, स्पष्ट परत घे."

"आलं ध्यानात."

लिंबाजी पैलवाडीच्या चावडीवर चढला. "ऐका हो ऐका! वाघोजी पैलवान मांजराला भितो आणि गंजीवर चढून बसतो, हे मी परत घेतो!"

तोवर ही गोष्ट पाटलांच्या घरातच होती. आता ती गुराख्यांनाही कळली. वाघोजी नदीवर आंघोळीला आला की पलीकडून पोरं म्याव म्याव करू लागली.

"अरे बैला, नाव कशाला घेतलंस? मांजर कशाला काढलंस?" तात्या ओरडले. "कुणाचंही नाव न घेता बोल."

"आलं ध्यानात."

पुन्हा चावडी. "एक पैलवान आहे, नाव सांगणार नाही. एक प्राणी आहे, तोही सांगणार नाही. त्या प्राण्याला तो पैलवान भीत नाही!"

"उंदराला?" कुणीतरी विचारलं.

"सांगणार नाही."

"पालीला?"

"सांगणार नाही."

"कोंबडीला?"

"तात्यांनी नको म्हटलंय."

संध्याकाळपर्यंत वाघोजी झुरळालासुद्धा भिऊ लागला होता.

बाजार उद्यावर आला. तात्या अगदी टेकीला आले. "आता एकच कर. पाटलांच्या ओसरीवर पैलवानासमोर बस आणि त्याच्या तोंडावर माफी माग. तो जिथे असेल तिथे जाऊन माग, पण त्यालाच माग. आणि आता लोक नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. काहीतरी पुरावा ने." तात्यांच्या मनात तालमीतले दोन-चार साक्षीदार होते.

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला. घरी जाऊन त्यानं टोपलीवर फडकं बांधलं.

ओसरीवर पाटील होते, पाटलीणबाई होत्या, दाराआड रखमा होती. वाघोजी मिशीला पीळ देत बसला होता. लिंबाजीनं नारळ पुढे ठेवला. "पैलवान, मी चुकलो. तुम्ही मांजराला भीत नाही." वाघोजीनं नारळ उचलला, लिंबाजीला कडकडून मिठी मारली. पाटील म्हणाले, "चला, मिटलं."

खरंच मिटलं होतं.

"थांबा," लिंबाजी म्हणाला, "पुरावा राहिला." आणि त्यानं फडकं सोडलं.

मांजरानं नुसती जांभई दिली. वाघोजीनं नारळासकट ओसरीवरून उडी मारली, थेट घाट गाठला, नाव लोटली आणि नदीच्या मधोमध जाऊन थांबला.

रखमा हसून हसून खाली बसली. "आबा, मला हाच नवरा हवा. मांजर माहेरीच ठेवीन की!" पाटलांनाही हसू आवरेना. "अरे, बोलवा कुणीतरी त्याला! सुपारी फोडायचीय!"

लिंबाजी सगळ्यांच्या आधी धावला. काठावर उभं राहून त्यानं हाळी दिली, "पैलवान, अगदी बरोबर जागी थांबलात! तिथे कुणाचाच कायदा नाही! हलू नका, मी पुराव्यासकट माफी मागायला येतो!"

आणि टोपली काखेत मारून तो दुसऱ्या नावेत चढला.