डूकसाहेबांचा दुखरा हात

"मी उभा राहणार नाही! भाषण करणार नाही! आणि कुणाच्या हातात हात तर मुळीच देणार नाही!"

देवखिंड संस्थानच्या पाहुणेबंगल्यात ड्यूक ऑफ वेंडलशॉ गरजले, आणि दिवाणजींचं पागोटं जागच्या जागी हललं.

ड्यूक म्हणजे विलायतेच्या बादशहाचे सख्खे धाकटे भाऊ. थोरल्याच्या वाट्याला राज्य आलं, धाकट्याच्या वाट्याला त्या राज्यातले पूल, पुतळे आणि शाळा उघडत हिंडणं. तीन आठवड्यांत त्यांनी चौतीस कोनशिला बसवल्या होत्या. एका गावाने तर त्यांच्या हस्ते गुरांचा कोंडवाडासुद्धा उघडून घेतला होता. गावकरी त्यांना 'डूकसाहेब' म्हणत. त्यात चुकून एक 'र' शिरू नये, यावर दिवाणजी जातीने नजर ठेवून होते.

"पण हुजूर, उद्या दवाखान्याचं उद्घाटन!" देवखिंडचे राजे अप्पासाहेब महाराज कळवळले. "दीड वर्ष आम्ही दाराला कुलूप घालून आपली वाट पाहतोय! विलायतेच्या राजघराण्यातल्या हाताशिवाय ते उघडायचं नाही, अशी शपथ घेतलीय आम्ही!"

"मग मोडा शपथ! मी चाललो वाघाच्या शिकारीला."

हे सगळं पायरीवर बसून ऐकत होती ठकू सुईण. दीड वर्ष ती रोज बंगल्यावर येऊन दवाखान्याची किल्ली मागत होती आणि रोज तिला हाकललं जात होतं. आत खाटा होत्या, औषधं होती. नेमलेला डॉक्टर मात्र बाहेर लिंबाखाली माश्या मारत बसे. आज ठकू हलणार नव्हती. कोष्टीआळीतल्या पारूचे दिवस भरले होते आणि पोटातलं मूल आडवं होतं. हे काम एकट्या सुईणीचं नव्हे, हे ठकूला पक्कं ठाऊक होतं.

तिने ड्यूककडे निरखून पाहिलं. पाय गरम पाण्याच्या घंगाळात, घसा बसलेला, उजवा हात मनगटापासून पावासारखा फुगलेला.

"हातात हात देऊन देऊन सुजलाय वाटतं?" ती मोठ्याने म्हणाली.

"गप गं!" दिवाणजी ओरडले. पण ड्यूकनी विचारलं, ती काय म्हणाली? दिवाणजींनी घाबरत भाषांतर केलं.

"तीन आठवड्यांत हे ओळखणारी पहिलीच भेटली!" ड्यूक म्हणाले. मग त्यांना खोडी सुचली. "हिलाच विचारा. मी उभा राहणार नाही, बोलणार नाही, हात देणार नाही. तरी दवाखाना खुद्द मीच उघडला, असं झालं पाहिजे. माझ्या जागी दुसरं कुणी चालणार नाही. जमवलं तर मागेल ते देईन. नाही जमलं तर मी शिकारीला!"

"एवढंच?" ठकू पदर खोचत म्हणाली. "सकाळी डोली धाडते. साहेबांनी फक्त आडवं व्हायचं. तेवढं येतं ना त्यांना?"

दिवाणजींनी शेवटचं वाक्य गिळून टाकलं.

सकाळी बँड वाजला. अप्पासाहेब महाराज बारा पानांचं भाषण घेऊन मांडवात उभे राहिले. ठकूने डॉक्टरला पहाटेच सगळं समजावून ठेवलं होतं. डोली आली, ती मांडवात थांबलीच नाही! मानकऱ्यांच्या रांगेतून थेट दवाखान्याच्या पायऱ्या चढली.

"अरे, कुलूप!" महाराज ओरडले.

"काढा की मग!" ठकू म्हणाली. "राजघराण्याचा हात दुखतोय, दारात ताटकळत ठेवता?"

किल्लीवाला धावला, कुलूप निघालं. ड्यूकना पहिल्या खाटेवर निजवलं. महाराज मागोमाग आत येऊन भाषण वाचू लागले. उत्तर द्यायला ड्यूकनी तोंड उघडलं, तोच डॉक्टरने त्यात ताप मोजायची नळी खुपसली. महाराजांनी हात पुढे केला. ड्यूकचा उजवा हात तोवर औषधाचा लेप लावून, पट्टी बांधून गळ्यात अडकवलेला!

आणि मागच्या दाराने पारू आत गेली. डॉक्टर आणि ठकू तिकडे धावले.

महाराज सातव्या पानावर होते तेव्हा पडद्यामागून टाहो फुटला. बारीक, खणखणीत, संतापलेला. मांडवातली माणसं टाळ्या वाजवू लागली. महाराजांना वाटलं, त्या आपल्यासाठीच.

ठकू हात पुसत बाहेर आली. डोळे ओले होते, पण आवाज ठणठणीत होता. "पोरगी आहे! दोघी सुखरूप!"

ड्यूकनी तोंडातली नळी काढली. "छान. पण बाई, पैज हरलीस! मी इथे नुसता पडून होतो. दवाखाना मी उघडला कधी?"

"साहेब, पूल कसा उघडतो?"

"पहिला माणूस त्यावरून चालत गेला की."

"मग दवाखाना? पहिला रोगी आत येऊन पडला की! दीड वर्ष इथे केवढाले मानकरी आले, फेटे बांधून पायरीवरून परत गेले. धडधाकट माणसाच्या हातून दवाखाना उघडतो होय? त्याला तुमच्यासारखा घसा बसलेला, पाय सुजलेला, हाताने अधू झालेला माणूसच लागतो!"

दिवाणजींनी या वेळी एक शब्दही गाळला नाही.

ड्यूक असे हसले, की खाट करकरली. हसता हसता दुखरा हात मांडीवर आपटला आणि "आई गं!" या अर्थाचं काहीतरी विलायती ओरडून पुन्हा हसले.

"माग! काय हवं?"

"कात्री."

ड्यूकनी इशारा केला. मखमली पेटी उघडली गेली. उद्घाटनांच्या फिती कापायला गावोगावी मिळालेल्या कात्र्या आत ओळीने झोपल्या होत्या. चांदीच्या, सोन्याच्या, रत्नं जडवलेल्या. ठकूने एकेकीच्या पात्यावरून अंगठा फिरवला, नाक मुरडलं आणि तळातून एक साधी पोलादी कात्री उचलली.

"ही कापेल," ती म्हणाली. "अहो डॉक्टर, पाणी उकळलं का? पोरीची नाळ कापायचीय!"