व्हाळाकाठची रिकामी वृंदावनं

आंबेखोल गावात किरव्याचा व्हाळ म्हणून एक लहानसा ओढा आहे. त्याच्या काठापासून वर चढाकडे चिऱ्यांच्या तुळशीवृंदावनांची ओळ लागते. एकातही तुळस नाही, एकाच्याही मागे घर नाही. फक्त सगळ्यात वरच्या वृंदावनात तुळस डोलते आणि तिच्यामागे जुनं कौलारू घर उभं आहे. पाहुणे ओळ पाहतात आणि न चुकता विचारतात, "किती घरं गेली हो पुरात?" म्हातारे तात्या गुरव कपाळाला हात लावतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी गाव वर टेकाडावर होतं. तिथे भिवा गुरव देवीची पूजा करायचा, असे सांगतात. अडलंनडलं की लोक देवीला कौल लावायचे. भिवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली की लोक म्हणायचे, पाकळी नीट चिकटली नसेल, पुन्हा लाव. उजवी पडली की मात्र कोणालाच शंका यायची नाही. भिवाला या प्रकाराचा वीट आला होता.

त्यात एका वर्षी खुद्द त्याचा जावई राघो कौल लावायला आला. त्याला अगदी व्हाळाकाठी घर बांधायचं होतं, म्हणजे बायकोला घागर घेऊन चढ चढावा लागणार नाही. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, सर आली की खाली ऊन असतानाच व्हाळ फुगतो, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची बायको येसू ही भिवाची एकुलती एक लेक, आणि ती तेव्हा पोटुशी होती.

डावी पाकळी पडली. राघो म्हणाला, पुन्हा. पुन्हा डावीच.

"जावयबापू, देवी आईक कौल इचारतास, की तिचो छळ करतास?" भिवा म्हणाला.

राघो हलला नाही. शेवटी एकदाची उजवी पडली. देवीचा होकार गुरवाला मोडता येईना. पण त्या घरात त्याची लेक निजणार होती आणि शेजारी तिचं तान्हं.

तेव्हा येसू पुढे आली आणि देवीला हात जोडून म्हणाली, "घर खंयव बांधूंदेत. जंय तुळस पावसाळो काढतली, थंयच मी चूल मांडतलंय."

तुळस जिथे पावसाळाभर तगेल तिथेच संसार, हा देवीसमोरचा शब्द. राघोने निमूटपणे व्हाळाकाठी वृंदावन बांधलं, भिवाने त्यात देवळातली तुळस लावली. श्रावणात पाणी आलं आणि तुळस मुळासकट घेऊन गेलं. आता तरी जावयाचे डोळे उघडतील, असं भिवाला वाटलं. राघो चिखलात उभा राहून म्हणाला, "वायच वर सरकवया."

आणि खरंच वायचच. दुसऱ्या वर्षी थोडं वर नवं वृंदावन, आणि तिथलीही तुळस गेली. मग पुन्हा वायच वर. येसूचं बाळ आजोळी जन्मलं, आजोळीच रांगलं, आजोळीच चालायला लागलं. भिवा दर वर्षी नवी तुळस लावायचा आणि चरफडायचा. असा पावलापावलाने शहाणा होणारा जावई कोणाच्या वाट्याला देऊ नकोस, असं तो देवीला रोज सांगायचा म्हणे.

मग कोणी पाहिला नव्हता असा पूर आला. पाणी सगळ्यात वरच्या वृंदावनाच्या पायरीला शिवलं आणि ओसरू लागलं. येसूने हळदकुंकू वाहिलं म्हणून ते मागे फिरलं, असे सांगतात. तात्यांना हे पटत नाही. जागाच उंच होती, असं त्यांचं म्हणणं. भिवा मात्र त्या ओल्या वृंदावनाला मिठी मारून रडला, हे तेही मान्य करतात. तुळस तगली होती, आणि तिच्यामागेच येसूची चूल मांडली गेली.

आजही आंबेखोलात घराआधी तुळस लावतात आणि तिने पावसाळा काढला की मगच पाया खणतात. आजही कोणी ना कोणी तात्यांकडे येऊन व्हाळाकाठच्या जागेसाठी पुन्हा कौल लावा म्हणतं. तात्या त्याला आधी वृंदावनासाठी चिरे आणायला पाठवतात. पाहुण्यांनाही त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

"घर एकव गेला नाय," ते म्हणतात. "गेल्यो त्यो तुळशी."