बारीच्या टेकडीवरची दीपमाळ

रुईगव्हाणला येणारे पाहुणे हल्ली सगळ्यात आधी अंधार विचारतात. पूर्वी लॉज विचारायचे, वांग्याचं भरीत कुठं चांगलं मिळतं ते विचारायचे. आता एसटीतून उतरतात, खांद्यावर दुर्बिणीची लांबडी पेटी असते आणि पानटपरीवाल्याला म्हणतात, "इथं जवळपास पुरता अंधार कुठं मिळेल?" टपरीवाला त्यांना माझ्याकडे पाठवतो. मी हिलाल जिभाऊ. तीस वर्षं या गावात वायरमन होतो. सगळा जन्म खांबावर चढून उजेड जोडण्यात गेला आणि आता म्हातारपणी लोकांना अंधार दाखवत हिंडतो, असं आमची बायको चारचौघांत सांगते आणि स्वतःच हसते.

तुम्हालाही तेच सांगतो. तलावाच्या भिंतीवर जाऊ नका, पलीकडच्या ढाब्याचे फोकस थेट डोळ्यांत येतात. कापसाच्या जिनिंगच्या मागचं माळरान पूर्वी छान होतं, आता तिथं मोबाइलचा टॉवर झालाय. अंधार हवा तर या बारीच्या टेकडीवरच यावं लागतं, आणि पौष अवसेला आलात हे तर फारच चांगलं केलंत. सावकाश चढा. वर धनाईचं लहानसं देऊळ आहे आणि देवळापुढे ती बघा, काळ्या दगडाची दीपमाळ. पुरुषभर उंचीच्या दुप्पट. छपन्न कोनाडे आहेत, मोजून घ्या. महाराष्ट्रात कुठंही जा, दीपमाळ असली की जत्रेला, नवरात्राला तिच्यावर दिवे लागतात. आमच्या दीपमाळेवर लागत नाहीत. कोणी लावू पाहिले तर गाव त्याचा हात धरतं. असं का, ते ऐका. उजेड आहे तोवर सांगून टाकतो.

फार जुनी गोष्ट आहे. खाली सुकी नदी दिसते ना, तिच्यावर तेव्हा दगडी बंधारा होता आणि बंधाऱ्यातून पाट निघाला होता. पाटावर शेतांचे तीन पट्टे, आम्ही त्यांना फड म्हणतो. वरचा फड, मधला फड, खालचा फड. दिवसाचं पाणी वाटणं सोपं, सावली बघून वाटायचे. रात्रीचं पाणी मात्र चांदण्यांवर वाटलं जाई. पौषात गहू पोटरीत आला, आत ओंबी धरू लागला की अंधार पडल्यापासून तिकांडं माथ्यावर येईतो वरच्या फडाची बारी, म्हणजे पाण्याची पाळी. मृगाच्या पोटातल्या त्या एका ओळीतल्या तीन चांदण्या, त्यांना तिकांडं म्हणतात. तिथपासून कृत्तिकांचा झुबका मावळतीच्या डोंगराला टेकेपर्यंत मधल्या फडाची. आणि पुढं उजाडेपर्यंत खालच्या फडाची. महिना बदलला की खुणेची चांदणीही बदलायची. हे सगळं बघून टेकडीवरून हाक द्यायला एक माणूस असे. त्या माणसाचा शब्द शेवटचा. त्यावर वाद नाही.

ते काम भुरामाय करीत असे. आधी ते तिचा नवरा करायचा, दगा त्याचं नाव. ही त्याला रोज रात्री टेकडीवर भाकरी घेऊन यायची, आणि तो जेवेपर्यंत आकाशाकडे बघत बसायची. असं करता करता ती त्याच्यापेक्षा हुशार झाली, असं सांगतात. दगा गेला तेव्हा बाईमाणसानं रात्रीचं टेकडीवर बसावं का, यावर गावात दोन दिवस खल झाला. तिसऱ्या दिवशी पाण्यावरून भांडण जुंपलं आणि सगळे मुकाट्यानं तिच्याच दारी गेले. पुढं तिनं वीस वर्षं हाक दिली. "बारी फिरनी वंऽऽ!" अशी लांबलचक. ती ऐकली की मधल्या फडाचा माणूस पाटाची तोंडं बदली आणि लेकुरवाळ्या बाया कूस बदलून परत झोपत.

एका पावसाळ्यात भुरामाय तापानं अंथरुणाला खिळली. वैद्यानं हात टेकले. तेव्हा छपन्न घरांच्या गावानं धनाईला नवस बोलला: आमची माय उठू दे, तुझ्या पुढ्यात दीपमाळ उभारू, घरटी एक दिवा लावू, आणि माय टेकडीवर बसते तोवर एकही रात्र चुकवणार नाही. आणि माय उठली. लोक हरखून गेले. उखा पाथरवटानं नदीतून काळा दगड काढून दीपमाळ घडवली, एका आण्याचीही मजुरी घेतली नाही. ती उभारली नेमकी भुरामायच्या बसायच्या दगडाजवळ, तिला एकटं वाटू नये म्हणून. पौष लागला त्या संध्याकाळी छपन्न दिवे लागले. एवढा उजेड टेकडीनं कधी बघितला नव्हता. भुरामायनं सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवले आणि ती रडली म्हणे. मायेनं केलेली चूक फार सुंदर दिसते, ओळखूच येत नाही.

त्या रात्री तिला तिकांडं दिसलं, कारण ते ठसठशीत असतं. पण कृत्तिकांचा झुबका काही सापडेना. तो मुळातच धुकट, पिठाच्या हातानं भिंतीवर बोटं उमटावीत तसा. तिनं डोळे चोळले, पाणी लावलं. नाहीच. तिला वाटलं, तापानं आपले डोळे नेले. दुसऱ्या कोणाला दिव्यांचा संशय आला असता, तिला तो आलाच नाही, कारण ते दिवे तिच्या लेकरांनी लावलेले होते. आणि डोळे गेले म्हणून सांगावं तर हा दगड सुटणार, ही हाक सुटणार. दगा गेल्यावर तिच्यापाशी दुसरं होतं काय? ती गप्प राहिली. अंदाजानं हाक देऊ लागली.

अंदाज म्हटला की तो कधी बरोबर येतो, कधी नाही. घाईनं हाक दिली तर मधल्या फडावर अन्याय होईल या धास्तीनं तिची हाक रोज थोडी उशिरा जाऊ लागली. चांदण्या रात्री आल्या, तेव्हा तिनं मनाला समजावलं की चंद्रामुळे दिसत नसेल. पौर्णिमा उलटली, चंद्र उशिरा उगवू लागला, झुबका तरी दिसेना. इकडं खालच्या फडाला अर्धं पाणी मिळे. ऐन पोटरीतला गहू, पाती खालून पिवळी पडत चालली. आणि मधल्या फडात भुरामायच्या भावाची शेतं होती. मग काय, लोकांना जोडायला दोन टोकं पुरतात. नदीवर बाया कुजबुजू लागल्या, पुरुष काठ्या हाताशी ठेवून पाटावर झोपू लागले.

खालच्या फडात सुपडू नावाचा एक तापट माणूस होता. जन्मला तेव्हा त्याची नाळ भुरामायनंच कापली होती. त्याला हे सहन होईना. तिच्याबद्दल वाईट ऐकवत नव्हतं आणि वाळणारा गहूही बघवत नव्हता. पौष अवसेला, आजच्याच तिथीला, तो रागारागानं टेकडी चढून आला. भुरामाय दगडावर ताठ बसलेली, तोंड मावळतीला.

"माय, तू झोपस का आठे?" त्यानं विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग सांग, कृत्तिका कोठे शेतस?"

भुरामायनं बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. सुपडूनं तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. मग कपाळावर हात धरून पाहिलं. मग तो गोंधळून तिच्याशेजारी बसला. त्याचे डोळे घारीसारखे, गावात त्याच्या नजरेवर पैजा लागत. हळूच म्हणाला, "माय, माले बी दिखत नही."

असं सांगतात की भुरामाय त्याच्याकडे वळली आणि लहान पोरीसारखी म्हणाली, "मंग मना डोया गयात नही ना रे?" आणि हसत सुटली. महिनाभर छातीवर घेतलेला धोंडा होता तो. हसता हसता तिनं मागं वळून दीपमाळेकडं पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच कळलं.

सुपडू दिवे मालवायला उठला. भुरामायनं त्याचं मनगट धरलं. नवस गावाचा होता आणि तो तिच्या जिवासाठी होता. ज्या घरानं दिवा मालवावा त्या घराला दोष लागणार. ती स्वतः उठली, धनाईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या जिवासाठी लावले आहेत, तर माझ्याच जिवावर मालवते. दिलेलं आयुष्य परत हवं असेल तर घे, पण ज्यांनी दिवे लावले त्यांना काही म्हणू नकोस. मग खालच्या ओळीपासून तिनं सुरुवात केली. फुंकर घातली नाही, ओल्या पदरानं एकेक वात टिपली. आणि प्रत्येक दिव्याला घराचं नाव घेतलं. हा नथ्थूचा. हा उखाचा. हा ठगूबाईचा, तेल कमी होतं तरी तिनं आणला. वरच्या कोनाड्यांना हात पोचेना तेव्हा सुपडूनं तिला खांद्यावर घेतलं. छपन्नावा दिवा सुपडूच्याच घरचा होता.

काळोख झाला. चिलीम भरून होईपर्यंत दोघांना काहीच दिसलं नाही. मग डोळे निवले आणि आकाश उघडलं. कृत्तिका साध्या डोळ्यांना सहा दिसतात. त्या रात्री सात दिसल्या म्हणे. मी काही बघायला नव्हतो, पण आमच्या गावात सातच सांगतात आणि मीही सातच सांगतो. झुबका डोंगराला टेकतच होता. भुरामायनं हाक दिली आणि ती महिन्यात पहिल्यांदा वेळेवर गेली. पहाटे खालच्या फडाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं.

सकाळी गाव घाबरून वर आलं. माय गेली असणार, असंच सगळ्यांना वाटलं. माय दगडावर बसून सुपडूच्या बायकोनं आणलेली भाकरी खात होती. धनाईनं तिला आणखी अकरा वर्षं दिली. उखा पाथरवट मात्र ओशाळून दीपमाळ पाडायला निघाला, तर तिनं त्यालाच दटावलं. म्हणाली, ती माझी आहे, राहू दे, दुपारी सावलीला बरी पडते.

मग एका पौष अवसेला ती गेली. जाण्याआधी तिनं बजावलं होतं की मी धनाईचे छपन्न दिवे मालवलेत, माझ्या मागं माझ्यासाठी एकही लावू नका. मेलेल्या माणसाच्या जागी तेरा दिवस दिवा ठेवतात, तोही नाही. शब्द तिचा, मोडणार कोण? पण त्या संध्याकाळी सुपडू घरी आला, समई जळत होती, आणि पलीकडे मायचं घर अंधारात. त्याला ते बघवेना. त्यानं उठून आपल्या घरातला दिवा मालवला. शेजारच्यानं ते पाहिलं आणि आपला मालवला. असं करत छपन्न घरं काळी झाली. लोक अंगणात येऊन बसले. पोरंबाळं, म्हातारे, ज्यांनी उभ्या जन्मात वर मान करून पाहिलं नव्हतं त्या सगळ्यांनी कृत्तिका डोंगराकडे उतरताना पाहिल्या. झुबका टेकला. टेकडीवर कोणी नव्हतं. तेव्हा खालच्या फडातून सुपडूनं हाक दिली, पण ती त्याला पुरी करता आली नाही. उरलेली गावानं पुरी केली.

आता बंधारा वाहून गेला, पाट बुजला, शेतांना मोटारी लागल्या. बारी उरली नाही. तरी आजही पौष अवसेला रुईगव्हाणमध्ये दिवे लागत नाहीत. घरचे लोक आपापले मालवतात, रस्त्यावरचे नगरपंचायत बंद ठेवते, आणि बाजारपेठेतला शेवटचा खटका दरवर्षी मी पाडायचो. जन्मभर लोकांचा उजेड सांभाळला, पण त्या एका खटक्याला जेवढं भरून यायचं तेवढं कधीच आलं नाही. आता माझी सून पाडते, तीही वायरमन आहे.

बघा, गेले दिवे. संपूर्ण गाव गेलं. मोबाइल खिशात घाला, पाठ दीपमाळेला टेका, दगड अजून उबदार असेल. मावळतीकडं लक्ष ठेवा. मला आता झुबका दिसत नाही, मोतीबिंदू झालाय, आणि मी तो लपवत नाही. झुबका टेकला की मला सांगा. आज हाक तुम्हीच द्यायची आहे, खाली सगळे जागे आहेत.